ट्रस्टकडे अर्ज: आधी कागद, मग बजेट, शब्द सगळ्यात शेवटी

छोट्या संस्थेचा अर्ज अनुदान देणाऱ्या ट्रस्टकडून परत येतो तेव्हा कार्यकर्त्यांना वाटतं, आपल्याला इंग्रजी नीट जमलं नाही, मांडणी कमी पडली. माझं मत वेगळं आहे. अर्ज बहुतेक वेळा तीन कारणांनी पडतो: कागद अपुरे, ट्रस्ट चुकीचा, नाहीतर बजेट पोकळ. यातलं तिसरं कारण सगळ्यात घातक, कारण पोकळ बजेट कधीकधी मंजूरही होतं. मग संस्था वर्षभर स्वतःच्या खिशातून ते काम ओढते आणि दमते. म्हणून या लेखात बजेटला जास्त जागा दिली आहे.

कागदांची फाइल

महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या संस्थांची नोंदणी दुहेरी असते: १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. त्यांचा नोंदणी क्रमांक ‘एफ’ने सुरू होतो. संस्था स्वतः नुसती ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर ‘ई’ने. काही संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली, म्हणजे ना-नफा कंपन्या असतात, त्यांचं धर्मादाय आयुक्तांशी नातं वेगळं. यातला कुठलाही प्रकार अनुदान देणाऱ्या ट्रस्टला चालतो. अडचण येते ती नोंदणीनंतरच्या बदलांची.

विश्वस्त बदलला, कुणी वारलं, कार्यकारिणीची निवडणूक झाली, तर ९० दिवसांत बदल अर्ज म्हणजे चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात दाखल करावा लागतो. कितीतरी संस्थांमध्ये हे वर्षानुवर्षं राहून जातं. मग परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, दहा वर्षांपूर्वीची नावं, बँकेत दुसरे सहीदार आणि अर्जावर तिसऱ्याच अध्यक्षांची सही, असा गोंधळ होतो. ट्रस्टच्या तपासणीत हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. चेंज रिपोर्ट दाखल केलाय पण निकाल व्हायचाय, ही स्थिती तशी सर्रास असते आणि ती समजूनही घेतली जाते. अर्ज क्रमांक आणि पोचपावतीची प्रत फाइलला लावा, एक ओळीचा खुलासा जोडा. लपवलेला चेंज रिपोर्ट मात्र महागात पडतो.

आयकराची दोन प्रमाणपत्रं लागतात: एक संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारं, दुसरं देणगीदाराला करसवलत देणारं. बोलताना आपण अजूनही ‘बारा-ए’ आणि ‘ऐंशी-जी’च म्हणतो. ट्रस्ट तुम्हाला पैसे देतो तेव्हा त्याच्या दृष्टीने महत्त्वाचं असतं ते बारा-ए, कारण त्याच्या स्वतःच्या उत्पन्नाचा विनियोग दाखवताना तुमची नोंदणी आधार असते. ऐंशी-जी ही वैयक्तिक देणगीदाराची गरज. तरीही दोन्ही तयार हवीत. २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिलेल्या नाहीत. त्या वेळी नव्याने मिळालेल्या असंख्य नोंदण्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत होती आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा होता. तुमच्या प्रमाणपत्रावर कुठलं वर्ष आहे ते आज काढून बघा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलतात, तेव्हा सीएला लेखी विचारून घेतलेलं बरं.

ऐंशी-जी असेल तर देणग्यांचं विवरण दरवर्षी ३१ मेपर्यंत भरायचं असतं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क लागतं. रक्कम छोटी वाटते, पण सहा महिने विसरलं की ३६,००० होतात आणि ते कुठल्याही ट्रस्टच्या अनुदानातून भरता येत नाहीत.

याशिवाय नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर विवरणाच्या पोचपावत्या, ठरावाची प्रत आणि पॅन. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पैसे हवे असतील तर सीएसआर-१ नोंदणी, जी एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. या सगळ्याची एकच पीडीएफ करून ठेवा आणि प्रत्येक पानाचं नाव मराठीत नीट लिहा. मागितल्यावर त्याच दिवशी फाइल पाठवणारी संस्था वेगळी उठून दिसते.

परदेशी पैशांबद्दल एकच सांगतो. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दोघांकडे नोंदणी असली तरीही. म्हणून एखाद्या भारतीय ट्रस्टकडे जाताना आधी विचारा की, देणार आहात तो पैसा देशातला ना? तो परदेशातून आलेला असेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

ट्रस्ट निवडणं

प्रत्येक ट्रस्टला स्वतःच्या विश्वस्तपत्राचं बंधन असतं. ‘वैद्यकीय मदत आणि शिक्षण’ एवढंच त्यात लिहिलं असेल तर तुमचं पाणलोटाचं काम कितीही चांगलं असो, विश्वस्तांना हात देता येत नाही. वीस ठिकाणी एकच प्रस्ताव पाठवायची पद्धत यामुळेच निरुपयोगी. पाच ठिकाणं शोधा, पण नीट शोधा.

सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. अशा मोठ्या ट्रस्टांकडे आणि अझीम प्रेमजी फाउंडेशनसारख्या संस्थांकडे विषय ठरलेले असतात, माणसं त्या विषयातली असतात, आणि प्रश्नही खोलात जाऊन विचारले जातात. निर्णयाला महिने लागतात. पगार द्यायला पैसे नाहीत म्हणून त्यांच्याकडे धाव घेणं कामाचं नाही, तिथे पुढच्या वर्षाचं नियोजन घेऊन जायचं.

कौटुंबिक ट्रस्टांचं जग निराळं. अनेकांची वेबसाइट नसते, विश्वस्त वर्षातून मोजक्या वेळा बसतात आणि रक्कम लहान असते. त्यांना वीस पानी प्रस्ताव पाठवू नका. लेटरहेडवर एक पान, सोबत एका पानाचं बजेट, प्रमाणपत्रांच्या प्रती, आणि बैठक कधी आहे हे फोन करून विचारलेलं असावं. बैठकीनंतरच्या आठवड्यात पोचलेलं पत्र पुढच्या बैठकीपर्यंत तसंच पडून राहतं. छोट्या संस्थेने सुरुवात इथूनच करावी असं मला ठामपणे वाटतं. एका कौटुंबिक ट्रस्टचा वेळेवर दिलेला हिशेब हीच पुढच्या मोठ्या अर्जातली सगळ्यात बोलकी पुरवणी ठरते.

शोधायचं कसं? तुमच्याच प्रकारचं काम करणाऱ्या, तुमच्याहून थोड्या मोठ्या चार संस्थांचे वार्षिक अहवाल घ्या आणि शेवटच्या पानांवरची देणगीदारांची यादी वाचा. कंपन्यांसाठी केंद्र सरकारचं सीएसआर पोर्टल आहे, त्यावर कुठल्या जिल्ह्यात कुठल्या कंपनीने किती खर्च केला हे बघता येतं. ज्या कंपनीचा कारखाना तुमच्या तालुक्यात आहे, तिच्याशी बोलणं मुंबईतल्या मुख्यालयाला ईमेल करण्यापेक्षा सोपं जातं.

बजेट

एक उदाहरण घेऊ. वस्तीतल्या तीन अभ्यासिका, प्रत्येकी ३५ मुलं, म्हणजे १०५ मुलं, एक वर्ष. नवख्या संस्थेचं बजेट असं येतं: शिक्षिकांचं मानधन, जागाभाडं, पुस्तकं, किरकोळ. बेरीज साधारण साडेसहा लाख. आता तेच काम खरं मांडू.

तीन अर्धवेळ शिक्षिका, महिना १२,००० प्रमाणे: ४,३२,०००.
समन्वयक, पगार २५,०००, त्याचा ६० टक्के वेळ: १,८०,०००.
या दोन्हींवर पीएफचा संस्थेचा हिस्सा, प्रशासकीय शुल्क आणि विमा धरून १३ टक्के: ७९,५६०.
जागाभाडं, तीन जागा, महिना ४,०००: १,४४,०००.
पुस्तकं आणि साहित्य, मुलामागे ६००: ६३,०००.
शिक्षिकांची चार प्रशिक्षणं, प्रत्येकी ५,०००: २०,०००.
प्रवास, महिना २,०००: २४,०००.
हिशेबनीस, पगार १५,०००, त्याचा २५ टक्के वेळ: ४५,०००.
ऑडिट आणि विनियोग प्रमाणपत्राचा (अनुदान कशावर खर्च झालं याचा दाखला) हिस्सा: १५,०००.
कार्यालयाचं भाडं, वीज, इंटरनेट महिना ८,०००, त्यातला ३० टक्के: २८,८००.

एकूण १०,३१,३६०. मुलामागे सुमारे ९,८२२ रुपये.

साडेसहा लाख आणि सव्वादहा लाख यांतली पावणेचार लाखांच्या वरची दरी कुठून आली? समन्वयक ‘आपलाच आहे’ म्हणून धरला नाही, पीएफ विसरला, हिशेबनीस आणि ऑडिट म्हणजे ‘संस्थेचा खर्च’ असं समजून सोडून दिलं. पण समन्वयकाशिवाय अभ्यासिका चालत नाही आणि ऑडिटशिवाय पुढचा हप्ता येत नाही. हा खर्च त्या कामाचाच आहे.

शेवटच्या तीन ओळी मिळून ८८,८०० होतात, एकूण बजेटच्या साडेआठ टक्क्यांच्या आसपास. अर्जात ही रक्कम ‘प्रशासन १० टक्के’ अशी एका ओळीत लिहू नका. कुणाचा किती वेळ, कुठल्या आधारावर, हे वरच्यासारखं सुटं मांडा. टक्केवारी दिसली की कापायचा मोह होतो. हिशेबनिसाचे आठवड्याचे दीड दिवस कुठे जातात हे दिसलं की बोलणं कामाबद्दल होतं.

मानधन या शब्दाबद्दल सावध राहा. दर महिन्याला ठरावीक रक्कम, ठरावीक वेळ, हजेरी आणि रजा असेल तर नाव मानधन दिलं तरी तो पगारच आहे. संस्थेत वीस किंवा जास्त माणसं झाली की पीएफ लागू होतो, आणि मोजताना अर्धवेळवालेही धरले जातात. ट्रस्टचा लेखापाल हे विचारतो, आणि न विचारलं तरी नंतर येणारी थकबाकी कुठलंच अनुदान भरत नाही.

सीएसआरबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे: ‘प्रशासनावर पाचच टक्के चालतात.’ नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेचा प्रकल्प राबवण्याचा, देखरेखीचा, मूल्यमापनाचा खर्च त्यात मोडत नाही. एखादी कंपनी स्वतःचं धोरण म्हणून कमी देत असेल तर ते वेगळं, पण कायद्याचं नाव पुढे करून खर्च कापला जात असेल तर नम्रपणे नियम दाखवा. एफसीआरएची मर्यादा वेगळी आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती प्रशासकीय खर्चासाठी २० टक्के आहे आणि ती खुद्द संस्थेलाच लागू होते. हे दोन आकडे एकमेकांत मिसळून बोलणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

आता समजा ट्रस्ट म्हणाला, आठ लाखांपर्यंतच जमेल. इथे छोटी संस्था चटकन ‘चालेल’ म्हणते आणि तीनही अभ्यासिका तेवढ्यातच चालवायचं कबूल करते. असं करू नका. दर कापू नका, व्याप्ती कमी करा. दोन अभ्यासिका, ७० मुलं, समन्वयकाचा ४० टक्के वेळ, प्रवास महिना १,५०० असं धरलं तर बेरीज ७,२५,८४० येते. मुलामागचा खर्च मात्र वाढून १०,३६९ होतो, कारण हिशेबनीस, ऑडिट, कार्यालय आणि प्रशिक्षण यांचा खर्च अभ्यासिका कमी झाल्या म्हणून कमी होत नाही. हे प्रस्तावात स्वतःहून लिहा. आधी ९,८२२ आणि आता १०,३६९ का, हा प्रश्न येणारच आहे. आठ लाख मिळतायत म्हणून उरलेले ७४,००० कुठेतरी बसवायचाही प्रयत्न करू नका. मागणी ७,२५,८४० ची ठेवा. फुगवलेली ओळ अनुभवी माणसाला लगेच दिसते आणि मग बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

बजेट पूर्ण झालं की शेजारी आणखी एक रकाना करा: कुठली ओळ कोण देणार. एखादी जागा मंदिराच्या विश्वस्तांनी फुकट दिली असेल तर तिचं भाडं संस्थेचं योगदान म्हणून दाखवा, मागणीत धरू नका. एकच पगार दोन ट्रस्टांच्या बजेटमध्ये पूर्ण दिसला तर तो दुहेरी वसुलीचा आरोप ठरतो, हेतू कितीही स्वच्छ असला तरी. कुणाचा किती टक्के वेळ कुठल्या अनुदानातून, हा सगळ्या अनुदानांचा एकत्र तक्ता संस्थेत असावा. कुणाचीच बेरीज १०० च्या वर जाता कामा नये.

शब्द

इथे फार सांगण्यासारखं नाही. ‘वस्तीतील मुलांचा सर्वांगीण विकास साधणे’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असं लिहा: तिसरी ते पाचवीची १०५ मुलं, जूनमध्ये प्रत्येकाची वाचनचाचणी घेऊ, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कोण कुठल्या पातळीवर आहे ते नोंदवू, मार्चमध्ये तीच चाचणी पुन्हा. मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीमुळे ही पातळ्यांची पद्धत शिक्षणातल्या बहुतेक ट्रस्टांना ओळखीची आहे, त्यामुळे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जी गोष्ट तुम्ही मोजू शकत नाही तिचं वचन देऊ नका. शंभर टक्के मुलं गोष्ट वाचू लागतील असं लिहिणाऱ्या संस्थेवर अनुभवी माणूस विश्वास ठेवत नाही.

संकल्पना टिपण दोन पानांत बसवा. मागितल्याशिवाय फोटोंचा अल्बम जोडू नका. भेटीला कुणी आलं तर त्या दिवसापुरती तिन्ही ठिकाणची मुलं एका जागी आणून बसवू नका. हजेरीपट चाळला की ते कळतं. नेहमीच्या दिवशी बावीस मुलं असतील तर बावीसच दिसू द्या, उरलेली तेरा कुठे आहेत हे शिक्षिकेला सांगता यायला हवं.

मंजुरीनंतर

करारातल्या पाच गोष्टी सही करण्याआधी वाचा: खर्च कुठल्या तारखेपासून ग्राह्य, हप्ते कसे, बजेटच्या एका शीर्षातून दुसऱ्यात किती रक्कम वळवता येईल, व्याजाचं काय, आणि न खर्चलेली रक्कम परत करायची का. बऱ्याच करारांत दहा टक्क्यांच्या वरच्या बदलाला आधी लेखी परवानगी लागते. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पुस्तकांचे वाचलेले पैसे भाड्यात वापरून नंतर कळवलं तर ती रक्कम नामंजूर होऊ शकते. कराराच्या तारखेआधीची बिलं तर जवळपास कुणीच धरत नाही.

शेवटचा हप्ता अनेकदा विनियोग प्रमाणपत्र दिल्यावर मिळतो. म्हणजे तेवढा खर्च आधी संस्थेने करायचा. बजेट करतानाच विचारा की मार्च, एप्रिल, मे या तीन महिन्यांचे पगार कुठून येतील. उत्तर नसेल तर हप्त्यांचं वेळापत्रक बदलून मागा. सहीच्या आधी हे सहज मिळतं, नंतर अवघड होतं.

हिशेबात प्रत्येक अनुदानाचं वेगळं खातं, प्रत्येक व्हाउचरवर अनुदानाचं नाव, बिल संस्थेच्या नावावर. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलं तर आयकरात तो खर्च धरला जात नाही, आणि हा नियम २०१८ पासून धर्मादाय संस्थांनाही लागू आहे. घरमालक रोखच मागतो, ही नेहमीची तक्रार. भाडेकरार बँक खात्याच्या तपशिलासह केला तर ती तिथेच मिटते. सल्लागाराची फी, जागाभाडं यांवर टीडीएस लागू होतो का हे दर वर्षी तपासा.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलेला हप्ता हा स्वतंत्र विषय आहे. ट्रस्टलाही आपल्या उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्याच वर्षात खर्ची घालायची असते, म्हणून मार्चमध्ये पैसे सुटतात. तोच ८५ टक्क्यांचा नियम तुम्हालाही आहे आणि तुमच्याकडे खर्चायला चार दिवस उरलेले असतात. त्यासाठी ९ए किंवा १० क्रमांकाचा फॉर्म भरून रक्कम पुढे नेण्याची सोय होती. विवरणाच्या मुदतीच्या दोन महिने आधी, म्हणजे बहुतेक संस्थांना ३१ ऑगस्टपर्यंत, तो भरावा लागे. ऑडिट सप्टेंबरमध्ये उरकणाऱ्या संस्थांची ही तारीख हमखास चुकते. नव्या कायद्यातलं नाव आणि तारीख सीएकडून घ्या आणि ऑडिट जुलैत आटपा.

काम अडलं, शिक्षिका सोडून गेली, जागा गेली, तर अहवालाची वाट न बघता त्याच आठवड्यात कळवा. दोन परिच्छेद पुरतात: काय झालं, आता काय करणार, पैशांवर परिणाम किती. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याच्या किमान महिनाभर आधी, उरलेल्या रकमेच्या तक्त्यासह मागा. पुढच्या वर्षाचा प्रस्ताव अंतिम अहवालासोबत न पाठवता सहामाही अहवाल मान्य झाल्यावर पाठवा, त्यात या वर्षीच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकाना नव्या मागणीच्या शेजारीच असू द्या.